नेसरी, पानिपत आणि नारळीकरांचा वाचक

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव इतिहासात एका दिवसासाठी प्रसिद्ध आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी स्वराज्याचे सरनौबत प्रतापराव गुजर यांनी अवघे सहा स्वार बरोबर घेऊन विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर चाल केली आणि सातही जण तेथे कामास आले. आदल्या वर्षी उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या याच खानाला प्रतापरावांनी जाऊ दिले होते. त्याबद्दल शिवाजी महाराजांनी कठोर शब्दांत ठपका ठेवला, तो जिव्हारी लागून प्रतापराव सैन्याची वाट न पाहता निघाले, असे बखरी व लोकपरंपरा सांगतात. त्याच वर्षीच्या इंग्रजी पत्रव्यवहारातही दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेल्याचा उल्लेख आढळतो. मात्र त्या पत्राचा सूर निराळा आहे. मागील सैन्याची कुमक त्यांना पोचली नाही, असे ते सुचविते. एकाच प्रसंगाच्या या दोन कथनांत थोडेच अंतर आहे. पण त्या अंतरात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. प्रतापराव घटकाभर थांबले असते तर? किंवा मागचे सैन्य घटकाभर आधी पोचले असते तर?

हा ‘जर-तर’चा प्रश्न मराठी माणसाच्या इतिहासविषयक बोलण्यातील नित्याचा आहे. पारावरच्या गप्पांपासून व्याख्यानमालांपर्यंत तो सर्वत्र ऐकू येतो. इतिहाससंशोधक त्याला थारा देत नाहीत, आणि ते त्यांच्या शास्त्राच्या दृष्टीने योग्यच आहे. जे घडलेच नाही त्याला पुरावा कोठून आणावयाचा? परंतु संशोधकाने दाराबाहेर ठेवलेल्या या प्रश्नाला एका शास्त्रज्ञाने कथेच्या घरात सन्मानाने बसविले. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्या विज्ञानकथांना मराठी वाचकाने जे प्रेम दिले, त्याचा उलगडा करावयाचा तर या ठिकाणापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. मात्र वडील वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्याने बालपण तिकडे गेले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातील चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई व पुणे. कोल्हापूर त्यांत नाही, याची रुखरुख या जिल्ह्यातील वाचकाला वाटली तर ती क्षम्य मानावी. या ग्रंथास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा शोक करणाऱ्यांत खगोलशास्त्राच्या अभ्यासकांपेक्षा सामान्य वाचकांचीच संख्या मोठी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

‘जर-तर’च्या प्रश्नावर त्यांनी रचलेली कथा म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहाच्या वाचकांना ती सुपरिचित आहे. तिचे इंग्रजी रूप पुढे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते अशा एका जगात जाऊन पडतात की जेथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी अद्याप चालू आहे. कंपनीचे राज्य काही ठाण्यांपुरते उरले आहे. पुण्याच्या राज्यकर्त्यांनी युरोपातील नव्या विद्येचे महत्त्व वेळीच ओळखून आपल्या शास्त्रसंस्था उभारल्या आहेत. गंगाधरपंत ग्रंथालयात जाऊन आपणच लिहिलेला इतिहास उघडतात. पहिले चार खंड ओळखीचे निघतात, पाचव्या खंडात जग बदललेले दिसते. बदलाचे मूळ एका बारीकशा घटनेत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांना चाटून गेली.

या कथेत वाचकाला काय आवडले, हे पाहण्यासारखे आहे. राजकीय इच्छापूर्तीचा भाग त्यात आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही; पानिपत जिंकल्याचे वाचून कोणत्या मराठी मनाला गुदगुल्या होणार नाहीत? परंतु तेवढ्यावर कथा संपली असती तर ती एक सुखस्वप्न ठरली असती आणि अशी स्वप्ने वाचक दुसऱ्या दिवशी विसरतो. कथेची पकड आहे ती पुराव्यामुळे. परत आलेल्या गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान असते, आणि त्या पानावरचा मजकूर आपल्या जगातील बखरीशी जुळत नाही. इतिहासकाराच्या हाती पुरावा ठेवून त्यालाच अडचणीत आणण्याची ही युक्ती आहे. दुसरी गोष्ट विनोदाची. त्या निराळ्या जगातील लोकांनी सभेला अध्यक्ष नेमण्याची प्रथाच काढून टाकलेली असते. हे ठाऊक नसलेले, आयुष्यभर अध्यक्षस्थाने भूषविलेले गंगाधरपंत आझाद मैदानावरील रिकामी खुर्ची पाहून सवयीने जाऊन बसतात आणि श्रोत्यांच्या माऱ्याला तोंड देतात. मराठी सभासंमेलने ज्याने सोसली आहेत त्याला या प्रसंगाचे मर्म सांगावयास नको. पुढे २०२१ साली नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीमुळे त्यांना तेथे उपस्थित राहता आले नाही. हा योगायोग त्यांच्या जुन्या वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल.

आता या कथेतील शास्त्राकडे वळू. गंगाधरपंतांना घडल्या प्रकाराचा अर्थ सांगणारा राजेंद्र देशपांडे दोन कल्पनांचा आधार घेतो. पहिली कल्पना उत्पातसिद्धान्ताची. डोंगराच्या धारेवर ठेवलेला गोटा किंचित डावीकडे कलला तर एका दरीत जातो, किंचित उजवीकडे कलला तर दुसऱ्या दरीत. कारण तिळाएवढे, परिणाम कोसांचा. पानिपतच्या रणात दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या त्या घटकेला युद्ध असेच धारेवर होते आणि एका गोळीने ते कलले. दुसरी कल्पना पुंजयामिकीची. इलेक्ट्रॉनसारखा कण सोडला असता तो नेमका कोठे जाईल हे सांगता येत नाही. निरनिराळ्या ठिकाणी तो सापडण्याच्या केवळ शक्यता सांगता येतात. या सर्व शक्यता निरनिराळ्या विश्वांत प्रत्यक्षात उतरतात, असा एक अर्थ ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडला. तो सर्वमान्य नाही, पण त्याला असंबद्ध ठरविणेही कोणाला साधलेले नाही.

येथे एक शंका घेता येते, आणि पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी ती घेतोच. इलेक्ट्रॉनची अनिश्चितता बंदुकीच्या गोळीला कशी लागू होणार? वस्तू जितकी जड, तितकी ही अनिश्चितता क्षुल्लक. उडत्या गोळीच्या बाबतीत ती इतकी सूक्ष्म असते की कोणत्याही उपकरणाने ती मोजता येणार नाही. या जागी कथाकाराने उडी मारली आहे. पण ती कोठे मारली हे त्याने लपविलेले नाही. आधारलेला भाग कोणता व कल्पिलेला कोणता, हे जाणत्या वाचकाला कथेतूनच कळते. विज्ञानकथेत विज्ञान हे मखरातील आरास म्हणून नसावे, कथेचा कणा म्हणून असावे, असा त्यांचा आग्रह होता. हा प्रामाणिकपणा हेच वाचकाच्या विश्वासाचे पहिले कारण मानावे लागेल.

नारळीकरांचे नाव १९६० च्या दशकातच घरोघरी पोचले होते. फ्रेड हॉईल या आपल्या केंब्रिजमधील गुरूंसमवेत १९६४ साली मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले होते आणि १९६५ मध्ये ते पद्मभूषण झाले होते. तेव्हा वाचकांचे प्रेम कथेवर होते की शास्त्रज्ञाच्या कीर्तीवर, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर लेखकाने स्वतःच, आणि फार आधी, मिळविले होते. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने, विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली होती. १९७४ साली त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. अहमदाबादच्या एका परिषदेत एक कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना नारळीकरांनी ती लिहावयास घेतली होती. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली की ‘ना. वि. ज.’ होतात, त्यावरून हे टोपणनाव घडविले. परिषदेतील मंडळी आपले हस्ताक्षर ओळखतील म्हणून पत्नी मंगलाताईंकडून त्यांनी कथेची प्रत उतरवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी गौरविलेला जगताप हा कोणीच नव्हता. त्याच्या पाठीशी केंब्रिज नव्हते, पद्मभूषण नव्हते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची आस्थेने दखल घेतली. 

‘कृष्णविवर’ ज्या तत्त्वावर उभी आहे ते थोडक्यात असे : गुरुत्वाकर्षण जितके तीव्र, तितका काळ मंद. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर झाले तर त्याची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर भरेल. त्याच्या केंद्रापासून सुमारे ४ किलोमीटरवर एखादे घड्याळ स्थिर धरता आले, तर दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळात दोन तास होतील तेव्हा त्यात एकच तास झालेला असेल. सामान्य सापेक्षतेचा हा निष्कर्ष समीकरणांतून काढावयास वर्षे लागतात; कथेतून तो मनावर बिंबावयास एक बैठक पुरते. कला किंवा वाणिज्य शाखेकडे गेलेल्या, विज्ञान शाळेतच सोडून आलेल्या वाचकाला हे दालन प्रथमच उघडे झाले. आपल्याला हे समजते, असा आत्मविश्वास त्याला या कथांनी दिला. ही भावना आनंदाची असते, आणि ती देणाऱ्या लेखकाला वाचक विसरत नाही.

मराठीत विज्ञानकथा त्यापूर्वी नव्हती असे नाही. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद आला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा प्रसिद्ध झाली, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला आणि नारायण धारप, द. पां. खांबेटे आदींनी वाचकाची भूक वाढविली. नारळीकरांनी भर घातली ती घरगुतीपणाची. त्यांच्या कथेत सहसा एकच गोष्ट बदलते. बाकी सर्व जागच्या जागी राहते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके चिकटवली की मोबियसची पट्टी तयार होते. तिला एकच बाजू असते, आणि तिच्यावरून एक फेरा करून आलेली सपाट आकृती उलटी होऊन येते. उजव्याची डावी होते. हेच अवकाशाच्या बाबतीत घडले तर माणूस आरशातील प्रतिबिंबासारखा होऊन परतेल. हे सारे गणित सांगावयास नारळीकरांनी क्रिकेटचा गोलंदाज आणि गणपतीची मूर्ती निवडली. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे किती कडक असते हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरात मितींची उलटापालट समजावयास वेळ लागत नाही.

हाच घरगुतीपणा काही वेळा बोचरा होतो. ‘धूमकेतू’ कथेत नवा धूमकेतू शोधणाऱ्या दत्तबाबूंच्या घरीच अरिष्टनिवारणाचे होमहवन होते. शास्त्रज्ञ अहोरात्र खपून पृथ्वीवरचे संकट टाळतात आणि श्रेय होमाला मिळते. ‘पुत्रवती भव’ या कथेचा विषय तर कोल्हापूर जिल्ह्याला अधिक झोंबणारा आहे. अपत्य मुलगा व्हावे की मुलगी हे ठरविण्याची सोय झाली तर समाज काय निवडील, आणि त्या निवडीने स्त्री-पुरुषांचा तोल कसा ढळेल, हा तिचा गाभा. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९९४ साली झाला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर १००० मुलग्यांमागे ८३९ मुली आढळल्या. सुपीक, सुशिक्षित व सहकारात अग्रेसर म्हणविणाऱ्या जिल्ह्याचा हा आकडा होता. ज्यांनी ती कथा गंमत म्हणून वाचली असेल, त्यांना तो आकडा वाचताना ती पुन्हा आठवली असेल तर नवल नाही.

वाचकांच्या प्रेमाला या लेखकाने दिलेला प्रतिसादही वेगळा होता. मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी मिळेल, असे सांगत आणि खरोखरच उत्तर पाठवीत. लहानपणी त्यांच्या मामांनी घरातील फळ्यावर गणिताचे आव्हान लिहून ठेवावे आणि त्यांनी ते सोडवावे, असा खेळ चाले. पोस्टकार्डाची ही रीत त्याच खेळाचा विस्तार म्हणावी लागेल. एका पोस्टकार्डाच्या खर्चात कोणत्याही खेड्यातील मुलाला देशातील अग्रगण्य शास्त्रज्ञाला प्रश्न विचारता येत होता. 

समीक्षकांनी मात्र दीर्घकाळ हात आखडता घेतला. पात्रे पुसट आहेत, भाषा अलंकारहीन आहे, संवादांतून व्याख्यान डोकावते, हे आक्षेप वारंवार घेतले गेले. ते खोटे नाहीत. नारळीकरांच्या कथेतील शास्त्रज्ञ बहुधा एकमेकांसारखे बोलतात आणि स्त्रियांना अनेकदा शंका विचारण्यापुरतेच काम असते. वाचकाला हे दिसत नव्हते असे समजणे म्हणजे वाचकाला कमी लेखणे होय. त्याने ते पाहिले, आणि त्या बदल्यात जे मिळत होते ते अधिक मोलाचे मानले. तथापि या आक्षेपाची खरी हद्द कोठे आहे, हे तपासावयास नेसरीकडे परतावे लागते.

समजा, गंगाधरपंतांच्या कथेची युक्ती नेसरीला लावली. ती लागत नाही. पानिपतावर कलाटणीचे कारण गोळी हे होते. गोळीला मन नसते, म्हणून तिच्या मार्गाबद्दल शक्यतेच्या भाषेत बोलता येते. नेसरीच्या खिंडीत कलाटणीचे कारण एका माणसाचा निर्णय हे आहे. शब्द लागलेला, चूक उमगलेली आणि तोंड दाखविण्याची सोय न उरलेली अशी ती मनःस्थिती. तिचे गणित मांडावयास इलेक्ट्रॉनची उपमा अपुरी पडते, आणि पात्राचे अंतरंग ज्या शैलीत पुसट राहते त्या शैलीत तिचे चित्रणही होणार नाही. दुसरा भेद याहून विलक्षण आहे. उत्पातसिद्धान्ताच्या भाषेत बोलावयाचे तर नेसरी धारेवर नव्हतीच. प्रतापराव पडले, त्यांच्या जागी हंसाजी मोहिते हंबीरराव या किताबाने सरनौबत झाले, आणि १०२ दिवसांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक पार पडला. गोटा ज्या दरीत जावयाचा त्याच दरीत गेला. सात माणसांचे सर्वस्व गेले आणि इतिहासाची दिशा मात्र बदलली नाही. म्हणूनच कदाचित पानिपताच्या वाट्याला विज्ञानकथा आली आणि नेसरीच्या वाट्याला कुसुमाग्रजांची कविता. सैन्य वेळेवर पोचले असते तर राज्याच्या इतिहासात फारसे काही बदलले नसते. बदलले असते ते एका सरनौबताचे उरलेले आयुष्य, आणि त्याविषयी बखरीचे कोणतेही पान, फाटके वा धड, उपलब्ध नाही.